निळ्या मांजरांच्या वह्या: मोर्शीकडच्या एका पेटीचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. मोर्शी तालुक्यातल्या एका गावात, संत्र्याच्या पट्ट्यात, एका घराच्या माळ्यावर लोखंडी पेटी होती आणि तिच्यात इंग्लंडमधल्या पर्शियन मांजरांच्या ब्रीडिंगचे आणि शोचे वीसेक वर्षांचे कागद होते. पेटी खालून गंजलेली, भिंतीतून उधई तिथवर पोचलेली, मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, पोरंबाळं नाहीत, आणि भाच्याचं म्हणणं की दिवाळीच्या साफसफाईत हे सगळं रद्दीवाल्याला देऊन टाकू. मी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं काम बघतो म्हणून ते प्रकरण माझ्याकडे आलं, नाहीतर मांजरींशी माझा संबंध स्वयंपाकघरातल्या दुधापुरताच.

मालकीणबाईंना गावात सगळे मावशी म्हणतात. वाघाची मावशी हा जोक त्यांच्यावर इतक्यांदा होऊन गेलाय की आता त्याही हसत नाहीत. नागपूरला नर्सिंग केलं, १९७१ ला इंग्लंडला गेल्या, तिकडच्या सरकारी दवाखान्यात नोकरी, बहुतेक नाइट ड्युटी. वॉर्डातल्या एका सिस्टरकडून एक निळी पर्शियन मांजर घेतली (मांजरवाल्यांच्या भाषेत निळी म्हणजे आपली राखाडी), आणि मग पुढची वीस वर्षं शनिवार म्हटला की शो, असं चाललं. रिटायर झाल्यावर गावी आल्या, पेटी आणली, मांजर एकही नाही आणली. का नाही आणली विचारलं तर म्हणाल्या, "मे महिन्यात इथं पंचेचाळीस डिग्री, अन् तिच्या अंगावर रजई. पाप कायले घेऊ बापा?"

पेटीत काय होतं ते सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रजिस्ट्रेशनचे कागद, चार पिढ्यांच्या छापील वंशावळी, शोचे कॅटलॉग, जजच्या रिपोर्टची मासिकातली कात्रणं, फोटो, पिल्लं नेणाऱ्यांची पत्रं, रिबिनीची फुलं म्हणजे रोझेट (तिकडे लाल म्हणजे पहिला, निळा दुसरा, पिवळा तिसरा, अमेरिकेत निळा पहिला असतो, त्यामुळे भाच्याने यूट्यूब बघून मावशींचे सगळे दुसरे नंबर पहिले समजून घेतले होते). आणि पाच जाड वह्या. भाच्याला वाटत होतं ठेवायचंच असेल तर रोझेट ठेवू, फ्रेम करून हॉलमध्ये लावू, वह्यांचं काय काम. नेमकं उलटं होतं, पण ते मलाही लगेच कळलं नाही, कळायला एक बैलवाले बुढे लागले, त्यांचं पुढे येतंय.

आधी हा छंद काय आहे ते. घोड्यांची, कुत्र्यांची नोंदवही ठेवायची पद्धत होती, मांजराला कोणी विचारत नव्हतं. १३ जुलै १८७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने मोठं मांजर प्रदर्शन भरवलं, कोणतं मांजर चांगलं म्हणायचं याचे गुण त्यानेच लिहून काढले, आणि तिथून हा प्रकार लोकांनी उचलला. १८८७ ला नॅशनल कॅट क्लब निघाला, वेअर पहिला अध्यक्ष, आणि काही वर्षांतच तो बाहेर पडला कारण त्याचं म्हणणं होतं की मेंबर लोकांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसाचं पडलंय. म्हणजे जे भांडण आजही आहे ते पहिल्या पिढीतच झालेलं. नंतर १८९८ ला दुसरा क्लब निघाला, त्याचं रजिस्टर वेगळं, एकाच मांजराची नोंद इथे आहे की तिथे हा घोळ, तो मिटवायला १९१० मध्ये सगळ्यांची एक गव्हर्निंग कौन्सिल झाली. अमेरिकेत १९०६ पासून वेगळी संस्था आहे. त्यांची पद्धतही वेगळी, तिकडे मालक मांजर उचलून जजच्या टेबलापाशी नेतो. मावशींच्या काळच्या इंग्लंडमध्ये उलट, जज ट्रॉली घेऊन पिंजऱ्या-पिंजऱ्याशी जायचा, पिंजऱ्यात पांढरी चादर, पांढरी वाटी, गळ्यात फक्त नंबर, कोणाची मांजर आहे ते कळता कामा नये. सकाळी आधी डॉक्टर तपासणार, पिसू दिसली की घरी. अंगावर पावडरचा कण राहिला तरी बाद. मावशी म्हणतात त्यांना हे फार आवडायचं, कारण वॉर्डात त्यांचा रंग आधी दिसायचा आणि शोमध्ये फक्त मांजरीचा.

त्यांची सगळ्यात चांगली मांजर, घरातलं नाव ठमी. चॅम्पियन व्हायला तीन वेगवेगळ्या जजकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेट लागतात. ठमीला दोन मिळाली. तिसरं नाही मिळालं, दोनदा एकाच बाईच्या मांजरीने नेलं, मग ठमी पाच वर्षांची झाली आणि तो विषय संपला. म्हणजे हरलेली मांजर. आता गंमत अशी की अशा मांजरीचा छापील इतिहासात जवळपास पत्ताच लागत नाही, नाव आणि नंबर रजिस्टरमध्ये असतो, पण ती कशी होती, कोणाकडून हरली, जज काय म्हणाला, हे फक्त कॅटलॉगच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलेलं. ठमीच्या नावासमोर मावशींनी लिहिलंय, "कान मोठे म्हणे. कान तिच्या आजीचे हायेत." हे असं सगळं मराठीत. बाकीच्या बायकांना वाचता येऊ नये म्हणून. वह्याही तशाच, नावं-तारखा इंग्रजीत आणि खरं काय ते मराठीत. त्यामुळे इंग्लंडमधल्या कोणत्या क्लबला हे कागद जसेच्या तसे पाठवून दिले असते तर त्यांना अर्ध्याहून जास्त मजकूर कळलाच नसता.

आता वाचवायचं काम. पहिला सल्ला गावातून आला तो लॅमिनेशनचा, झेरॉक्सवाला तर मशीन गरम करून बसला होता. लॅमिनेशन नको म्हटलं. कागद प्लॅस्टिकमध्ये गरम करून चिकटतो तो परत सुटत नाही, शाई पसरते, आणि आत ओल राहिली की आतच बुरशी. जुन्या कागदाला एकच नियम लावायचा, जे करू ते परत उलटं करता आलं पाहिजे. सेलोटेप त्यात बसत नाही, फेव्हिकॉल बसत नाही. स्टेपलच्या पिना गंजल्या होत्या त्या एकेक सरळ करून काढल्या. फोटो त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये होते (ऐंशीच्या दशकात सगळ्यांकडे तेच होते, लग्नाचे अल्बम काढून बघा घरचे), जे सुटले ते काढले, जे नाही सुटले त्याचे अल्बममध्येच फोटो घेतले, ओढाताण नाही केली.

उधईचा प्रश्न सोपा होता, पेटी हलवली, खालची माती झाडली, जी पानं गेली ती गेली. चौथ्या वहीची १९८६ आणि ८७ ची पानं पूर्ण गेलीत. कसरीचा प्रश्न अवघड, कारण कसर कागदाच्या घडीत अंडी घालून बसते आणि डांबरगोळ्यांनी ती मरत नाही, नुसता वास येतो. यावर उपाय आहे फ्रीझिंग, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून पॅक करायचे आणि उणे अठरा-वीसमध्ये आठ-पंधरा दिवस ठेवायचे, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. पुण्या-मुंबईत याला संस्था असतात, आमच्याकडे स्टँडवर कुल्फीवाल्याचा डीप फ्रीझर आहे. तो तयार झाला पण त्याची एक अट होती की पिशवीवर मांजर हा शब्द लिहायचा नाही, गिऱ्हाईक काय म्हणेल. लोडशेडिंगमध्ये फ्रीझर बंद पडून मधेच वितळलं की कसर वाचायची शक्यता वाढते म्हणून आम्ही मुदत वाढवून ठेवली, कुल्फीवाला थोडा कुरकुरला.

स्कॅनिंग वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर, कागद ३०० डीपीआय, फोटो ६००, मागची बाजू प्रत्येकाची, कोरी असली तरी. मागच्या बाजूवर माझा फार भर होता आणि पोरांना ते वेडेपणाचं वाटायचं. मग एका छापील वंशावळीच्या मागे मावशींच्या अक्षरात किराण्याची यादी आणि तिच्याखाली "बोक्याचे दात पाहून घेणे, बापाचा जबडा वाकडा" हे निघालं, त्यानंतर पोरं आपणहून पानं उलटायला लागली.

आता ते बैलवाले. आमच्याकडे गवळाऊ जातीचे बैल बाळगणारे एक बुढे आहेत, शंकरपटात म्हणजे बैलांच्या शर्यतीत बैल पळवलेत, २०१४ ला कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा जोडी विकायची वेळ आली पण विकली नाही. (डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी मिळाली, तोवर ती जोडी म्हातारी झाली होती.) ते वाचनालयात पेपर वाचायला येतात. वंशावळीचा तक्ता पाहिला, एका मिनिटात समजले, बाप इकडे माय तिकडे आज्या पाठीमागे, त्यांना मला समजवायला लागलं नाही उलट त्यांनीच दाखवलं की हा बोका दोन ठिकाणी आलाय म्हणजे जवळच्या नात्यातच लागलं. मग विचारलं, "थे मेले कशानं, लिवलं हाय का?"

तक्त्यावर नाही. तक्त्यावर ते कधीच नसतं. नाव, रंग, नंबर, चॅम्पियन असेल तर तसं, बस. मेलं कशाने, पिल्लं किती गेली, कोणती मांजर पिल्लांना पाजायचीच नाही, हे सगळं वह्यांमध्ये होतं, आणि त्या दिवसापासून आमच्या कामाचा क्रम बदलला, आधी वह्या, मग कॅटलॉग, रोझेट सगळ्यात शेवटी.

यात किडनीची गोष्ट महत्त्वाची. पर्शियनमध्ये एक आजार आहे, पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, किडनीत पाण्याच्या गाठी होतात, हळूहळू वाढतात, आणि मांजर साधारण सात वर्षांची होईपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही. तोवर तिची चार-पाच बाळंतपणं झालेली असतात. डीएनए टेस्ट २००४ ला आली, त्याआधी नव्वदच्या दशकात सोनोग्राफीवर पकडायला लागले, तेव्हा लक्षात आलं की जगभरात पर्शियनमध्ये तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त मांजरांना हे आहे. हा दोष एका बाजूने आला तरी पुरतो, म्हणजे आजारी मांजराच्या आई-बापापैकी एकाला असतोच, आणि निम्म्या पिल्लांत जातो. मावशींना १९८० मध्ये यातलं काही माहीत नव्हतं. पण नर्सबाईची सवय, इनपुट-आउटपुट म्हणजे पोटात किती गेलं, बाहेर किती आलं ते लिहायची. वहीत जागोजागी "पाणी फार पिते", "वजन उतरलं", "लघवी पातळ", आणि वय. दुसऱ्या वहीतल्या एका विकत आणलेल्या बोक्यापासून ही नोंद सुरू होते आणि त्याच्या पोरींत, नातींत दिसत जाते, ठमीच्या बाजूला नाही दिसत. मावशींना हे दाखवलं तर बराच वेळ वही धरून बसल्या, मग म्हणाल्या, "त्याच्यासाठी मी तीन महिन्याचा पगार दिला होता. लई देखणा होता." तो बोका चॅम्पियन होता हे सांगायला नको.

हे निदान नाही, टेस्ट झाल्याशिवाय असं म्हणता येत नाही आणि ती मांजरं मरून तीस-चाळीस वर्षं झाली, म्हणून आम्ही सूचीत "किडनी" हा शब्द न लिहिता मावशींचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. कोणी जाणकार वाचेल तो ठरवेल.

आणखी एक कारण आहे या वह्यांना किंमत असण्याचं. इंग्लंडमध्ये बाहेरून मांजर आणली की सहा महिने क्वारंटाइन, २००० पर्यंत हाच नियम होता, त्यामुळे परदेशातून फार कमी मांजरं यायची आणि तिथल्या पर्शियनचा तोंडवळा अमेरिकेपेक्षा वेगळा राहिला, नाक असलेला. अमेरिकेत चपट्या तोंडाची फॅशन आधी वाढली. मावशींच्या फोटोंमध्ये हे क्रमाने दिसतं, सत्तरच्या दशकातल्या मांजरीला चक्क नाक आहे, नव्वदच्या दशकातल्या फोटोत ते डोळ्यांच्या मधे सरकलंय आणि डोळ्यांतून पाणी. मावशींनी तिथेच थांबवलं होतं.

आता प्रकरणातला वादाचा भाग. पेटीची बातमी पसरली, आणि अमरावतीकडून एक गृहस्थ आले, पर्शियन पिल्लं विकायचा धंदा. आजकाल आमच्या तालुक्याच्या गावातही डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस (नाक असलेलं, अर्धं चपटं आणि पार चपटं तोंड) असे शब्द पोरांच्या तोंडी आहेत, वाढदिवसाला मांजर गिफ्ट देतात, कूलरसमोर ठेवतात. गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हते, सरळ बोलले. म्हणाले मावशी, लोक कागद मागतात, कागद असला की पिल्लाचा भाव दुप्पट, तुमच्या मांजरांचा एक प्रीफिक्स आहे (ब्रीडरने रजिस्टर केलेलं घराण्याचं नाव, मावशींनी गावच्या नदीचं घेतलं होतं), तो मला वापरू द्या, तुमच्या शेवटच्या मांजरांपासून माझ्या मांजरांपर्यंत मधल्या दोन-तीन पिढ्या आपण लिहून घेऊ, कोण तपासतंय. पैसेही बऱ्यापैकी बोलले. भाचा हो म्हणायच्या बेतात होता, घराचं छत गळत होतं हेही खरंच आहे.

मावशींनी त्यांच्याकडचं आत्ताचं सर्टिफिकेट बघायला मागितलं. रंगीत, सोनेरी बॉर्डर, सिंहाचं चित्र. चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं.

"बाप निळा, माय निळी, अन् पिल्लू काळं?"

गृहस्थ म्हणाले हो, एकदम जेट ब्लॅक, फोटो दाखवू का.

"दोन निळ्याच्या पोटी काळं होत नाई बापा. पिल्लू खरं हाय, माय खरी असन, बाप दुसराच हाय. आपल्या गल्लीतला असन पाय."

कारण साधं आहे. निळा रंग म्हणजे काळाच पातळ झालेला, आणि तो पातळपणा आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. निळ्या मांजरीकडे गडद करणारा जीन शिल्लकच नसतो, त्यामुळे दोन्ही निळे असतील तर काळं पिल्लू देणार कोण. ज्याने ते सर्टिफिकेट छापलं त्याला एवढंही माहीत नव्हतं. गृहस्थ ओशाळले, त्यांनी ती मांजरं तसल्याच कागदासकट दुसऱ्याकडून विकत घेतली होती, म्हणजे फसले तेही होते.

माझं मत विचाराल तर मधल्या पिढ्या लिहून घ्यायची ती मागणी जर मान्य झाली असती तर नुसतं पुढचं खोटं झालं नसतं, मागचंही गेलं असतं. एकदा खोटी पानं जोडली की खऱ्या पानांवर कोणी कशाला विश्वास ठेवेल, आणि ती किडनीची नोंद, नाकाचे फोटो, सगळं संशयात. उधईने खाल्लेली दोन वर्षं तशीच रिकामी आहेत, सूचीत "१९८६-८७ पाने नाहीत" एवढंच आहे, मावशींना आठवणीतून भरायला सांगा असं भाच्याने सुचवलं होतं. आठवणी आम्ही घेतल्या पण वेगळ्या, रेकॉर्डिंगमध्ये, तारखेसकट की हे आज सांगितलेलं आहे. वहीत नाही घुसवल्या.

प्रीफिक्स मिळाला नाही पण गृहस्थ रिकाम्या हाताने नाही गेले. मावशींनी त्यांना कोरी दोनशे पानी वही आणायला लावली आणि आखून दिली: जन्मतारीख, आई, बाप किंवा "माहीत नाही", जन्माचं वजन, कोणी नेलं, कधी मेलं, कशाने. "माहीत नाही" हा रकाना त्यांना खटकला, गिऱ्हाईकाला कसं दाखवायचं म्हणे. मावशी म्हणाल्या गिऱ्हाईकाले नको दाखवू, तुह्यासाठी ठेव. ते अधूनमधून फोन करतात. वही चालू आहे असं सांगतात, किती नियमित ते देव जाणे, पण पंच फेसच्या दोन माद्यांना बाळंतपणात त्रास झाला तो त्यांनी लिहिला आणि त्या परत लावल्या नाहीत, एवढं मात्र त्यांच्याकडून कळलं.

कागद शेवटी कुठे ठेवायचे यावर अजून एकमत नाही. अमेरिकेत ओहायोमध्ये अलायन्स या गावी मांजरांच्या इतिहासाचं म्युझियम आहे, इंग्लंडमध्ये क्लब आहेत, तिकडे जास्त नीट राहतील हे मला मान्य आहे. पण मार्जिन वाचणारी बाई इथे आहे. सध्या ठरलंय ते असं: स्कॅन तीन ठिकाणी, एक वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर, एक हार्डडिस्क भाच्याकडे नागपूरला, एक ऑनलाइन. मूळ वह्या मावशींकडेच, पण माळ्यावरून खाली, सिमेंटच्या फडताळात, जमिनीपासून वर. पिल्लं नेणाऱ्यांची पत्रं आणि पत्ते कोणाला दाखवायचे नाहीत, त्यातले बरेच लोक जिवंत असतील आणि काही पत्रांत घटस्फोट, आजारपण, वॉर्डातली भांडणं असं काहीबाही आहे जे मांजरांच्या इतिहासाचं नाही. मावशींचं म्हणणं ती पत्रं जाळा. आम्ही ती वेगळ्या पाकिटात सील करून त्यांच्याच सहीने ठेवलीत, निर्णय त्यांचा.

सध्या तिसरी वही चालू आहे. मावशी वाचून दाखवतात, दहावीची दोन पोरं टाइप करतात, आणि एका नोंदीशी गाडी अडलीय: १९८३, ठमीची नात, समोर नुसतं "तेच". कोणतं तेच, ते मावशींना आठवत नाहीये, म्हणून टायपिंगमध्येही तेच ठेवलंय.